इस्नोफिलिया

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे काही दुखण्यांची नावं घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. शुगर, बीपी, मणक्यातली गॅप आणि इस्नोफिलिया. पहिल्या तिघांना थोडा तरी मान असतो, इस्नोफिलियाला तोही नाही. पोराचा खोकला महिनाभर जात नाही? इस्नोफिलिया. आजीला रात्री अंगभर खाज सुटते? इस्नोफिलिया. कांद्याच्या बराखीत दोन दिवस काम केलं आणि शिंकांनी जीव नकोसा झाला? तोच तो. मंचरच्या नाहीतर नारायणगावच्या लॅबमधून सीबीसीचा कागद येतो, त्यावर इओसिनोफिलच्या पुढचा आकडा ठळक छापलेला असतो, डॉक्टर जंताची गोळी आणि सेट्रिझिन लिहून देतात आणि विषय संपतो.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तो तिथेच संपायला हवा असतो. हे आधीच सांगून ठेवतोय, कारण पुढे मी ब्लड कॅन्सरबद्दल लिहिणार आहे. कुणी हे अर्धवट वाचून आपला जुना रिपोर्ट उशाशी घेऊन रात्रभर गूगल करत बसू नये!

तर मुद्दा असा की इस्नोफिलिया हा मुळात आजारच नाही. रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्यात, एवढाच त्याचा अर्थ. 'सर्व्हर स्लो आहे' हे जसं निदान नसतं, नुसती तक्रार असते, तसंच. कारणं शंभर असू शकतात. त्या यादीच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात, ल्युकेमिया आणि लिम्फोमा असतात. गेल्या दीड वर्षात माझ्या मामांमुळे आमच्या घराची ओळख यादीच्या त्या टोकाशी झाली. मी डॉक्टर नाही, कोड लिहिणारा माणूस आहे. पण मामांबरोबर ओपीडीबाहेरच्या बाकड्यांवर बसून बसून जे वाचलं, विचारलं आणि समजून घेतलं ते एकदा नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी त्या पेशीबद्दल. १८७९ साली पॉल एरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने रक्ताच्या पातळ थरावर वेगवेगळे रंग टाकून बघताना तिला ओळखलं आणि नाव दिलं. काही पेशींमधले दाणे इओसिन नावाचा लालसर रंग अधाशासारखा पितात, म्हणून त्या इओसिनोफिल. इओसिन हे नाव इऑस या ग्रीकांच्या उषादेवीवरून आलंय. आपल्याकडच्या लॅबमध्ये काचपट्टीवर जो लिशमनचा रंग टाकतात त्यातही हेच इओसिन असतं. मायक्रोस्कोपखाली ही पेशी ओळखायला सगळ्यात सोपी. मध्ये चष्म्याच्या दोन काचांसारखा दुभंगलेला गाभा आणि आजूबाजूला केशरी दाणे.

या दाण्यांमध्ये विषारी प्रथिनं भरलेली असतात. जंतासारखा मोठा शत्रू कुठल्याही पेशीला गिळता येत नाही, मग इओसिनोफिल त्याच्या अंगाला चिकटून आपले दाणे त्याच्यावर रिकामे करतात. उत्तम योजना आहे. अडचण एकच. जंत नसताना ही फौज वाढली, तर दाणे रिकामे होतात ते आपल्याच कातडीवर, फुप्फुसात, नसांमध्ये आणि हृदयाच्या आतल्या अस्तरावर.

आता हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी कसा बसला, त्याचीही गोष्ट आहे, आणि ती अगदी आपल्या देशातली आहे. १९४० साली दक्षिणेतल्या मदनपल्लीच्या टीबी सॅनेटोरियममधल्या फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन या डॉक्टरांनी लिहिलं, की काही पेशंट टीबीचे म्हणून येतात, छातीचा फोटोही तसाच दिसतो, पण टीबी नसतो. रक्तात मात्र इओसिनोफिल प्रचंड असतात. १९४३ मध्ये वाइनगार्टन या डॉक्टरने लॅन्सेटमध्ये अशा ८१ पेशंटांचं वर्णन छापलं आणि आजाराला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' असं नाव दिलं. तेव्हा उपचार होता चक्क आर्सेनिकची इंजेक्शनं! पुढे पन्नास-साठच्या दशकांत कळलं की हे हत्तीरोगाच्या सूक्ष्म जंतांविरुद्ध शरीराने केलेलं अतिरेकी युद्ध आहे, आणि डीईसी नावाचं औषध आलं. तुमच्या आई-बाबांना 'हेट्राझान' विचारून बघा, बहुतेकांना ती गोळी आठवेल. त्या काळात खोकला आणि वाढलेले इओसिनोफिल एकत्र दिसले की हेट्राझान, असं समीकरणच होतं. आजार कमी झाला तरी नाव मागे राहिलं, आणि मग ते प्रत्येक वाढलेल्या आकड्याला चिकटलं.

आणि आमच्या भागात आकडा वाढायला कारणांची कमतरता नाही. पश्चिमेला डिंभ्याच्या वर, आहुपे-भीमाशंकरकडे पावसाळ्यात माणसं दिवसचे दिवस भातखाचरात अनवाणी उभी असतात. हुकवर्मच्या अळ्या तळपायाच्या कातडीतूनच आत शिरतात. पूर्वेला मंचर-नारायणगावच्या बागायती पट्ट्यात धूळ, बुरशी, फवारणी, कांद्याचा पाचोळा. शिवाय काँग्रेस गवत! १९५०च्या दशकात आपल्या पुण्यातच ते पहिल्यांदा लोकांच्या नजरेत आलं आणि मग देशभर पसरलं. त्याने कातडीही सोलवटते आणि नाकही वाहतं. त्याशिवाय दमा, काही अँटिबायोटिक्स, फिटच्या काही गोळ्या. म्हणजे आमच्याकडचा डॉक्टर वाढलेले इओसिनोफिल बघून आधी जंत आणि अ‍ॅलर्जी म्हणतो, तेव्हा तो आळस करत नसतो. तो शक्यतेचं गणित बरोबर करत असतो.

प्रश्न आहे तो गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं, त्या थोड्या माणसांचा.

माझे मामा घोड नदीच्या काठच्या एका गावात असतात. बटाटा, कांदा, दोन गाई. वय पंचेचाळीस. खाज, कोरडा खोकला आणि थकवा अशी त्यांची तक्रार होती. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय न्हाय रं, इस्नोफिलिया हाय. दरसालचंच हाय." जंताची गोळी वर्षातून दोनदा, खोकल्याचं औषध बारमाही. मग एका दवाखान्यात त्यांना स्टिरॉइडचं इंजेक्शन आणि आठवडाभराच्या गोळ्या मिळाल्या. खाज गेली, खोकला गेला, भूक लागली. रिपोर्टही सुधारला. मामा खूश, मामी खूश, दवाखान्याचं गावभर कौतुक.

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्या लेखातली माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हीच आहे. स्टिरॉइड दिलं की रक्तातले इओसिनोफिल काही तासांत खाली येतात. कारण कुठलंही असो, बऱ्याचदा येतातच. ज्याने प्रॉडक्शनवर काम केलंय त्याला हे लगेच कळेल. एरर येतायत म्हणून तुम्ही लॉग फाइल रिकामी केली. डॅशबोर्ड हिरवा झाला. बग जिथे होता तिथेच आहे, फक्त आता तो शोधायला लागणारा पुरावा गेला.

आणि हे नुसतं पुरावा जाण्यावर थांबत नाही. पोटात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा बारीक जंत असेल, तर स्टिरॉइडमुळे तो अनावर होऊन सगळ्या शरीरात पसरू शकतो, माणूस दगावू शकतो. दुसरं उदाहरण आणखी काळजीचं. लहान मुलांमध्ये जास्त दिसणाऱ्या अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचा एक दुर्मीळ प्रकार आहे. त्यात कॅन्सरच्या पेशी रक्तात अजून दिसतही नसतात, पण इओसिनोफिल प्रचंड वाढलेले असतात. म्हणजे धूर आधी, आग मागाहून. अशा मुलाला अ‍ॅलर्जी समजून स्टिरॉइड दिलं तर ल्युकेमिया तात्पुरता दबतो, कारण स्टिरॉइड हे त्या ल्युकेमियाच्या उपचारातलंही औषध आहे. अर्धवट उपचार होतो, निदान लांबतं, आणि मौल्यवान आठवडे हातातून जातात. म्हणून रक्ताचे डॉक्टर विनवून सांगतात की जिवावर बेतलेलं नसेल तर आधी तपासण्या, मग स्टिरॉइड.

मामांकडे परत. काही आठवड्यांनी सगळं परत आलं, आणि या वेळी रात्री घाम आणि डाव्या बरगडीखाली जडपणा घेऊन आलं. मामेभावाने रिपोर्टचा फोटो वॉट्सअ‍ॅपवर टाकला. मी मामींना विचारलं, जुने रिपोर्ट आहेत का? मामींनी पत्र्याच्या पेटीतून साडीच्या दुकानाची एक पिशवी काढली. त्यात चार वर्षांचे सगळे कागद! लॅबचे, मेडिकलची बिलं, एकात गाईच्या इन्शुरन्सची पावतीसुद्धा. मामींचं शिक्षण सातवीपर्यंत. पण आमच्या कंपनीतल्या कुठल्याही टीमपेक्षा त्यांचं रेकॉर्ड चांगलं निघालं :)

आता एक छोटं गणित. सीबीसीच्या कागदावर इओसिनोफिल टक्क्यांत छापतात, आणि टक्का फसवा असतो. खरा आकडा म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी गुणिले टक्के, ज्याला अ‍ॅब्सोल्यूट काउंट म्हणतात. समजा एकाच्या पांढऱ्या पेशी ४,००० आणि इओसिनोफिल १२ टक्के. कागदावर १२ ठळक छापून येतो, घरात टेन्शन. पण गुणाकार येतो ४८०, म्हणजे नॉर्मल. दुसऱ्याच्या पांढऱ्या पेशी ३०,००० आणि इओसिनोफिल ८ टक्के. आठच तर आहेत, असं वाटतं. पण गुणाकार येतो २,४००! ल्युकेमियात एकूण पेशीच वाढलेल्या असू शकतात, त्यामुळे टक्का साळसूद चेहरा करून बसतो. ढोबळ मोजपट्टी अशी. ५०० पर्यंत ठीक, ५०० ते १,५०० सौम्य वाढ, १,५०० च्या वर दखल घेण्यासारखी, ५,००० च्या वर तीव्र.

मामींच्या पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावले आणि गुणाकार केले. १,२८८. मग २,४२०. मग ५४०, हा स्टिरॉइडनंतरचा. त्यावर ६ टक्के छापलं होतं आणि शेजारी नॉर्मल मर्यादा १ ते ६, म्हणजे कागदावर एकही आकडा ठळक नव्हता. आणि ताजा रिपोर्ट, ६,७६५. एकेक कागद सुटा बघितला तर प्रत्येक वेळी 'इस्नोफिलिया'. चारही शेजारी ठेवले तर चढती रेघ, आणि मध्ये एक खोटा खड्डा. ताज्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्सही कमी होत्या आणि हिमोग्लोबिनही उतरलं होतं. जंत किंवा अ‍ॅलर्जी यापैकी बहुतेक गोष्टी करत नाहीत. दोन-तीन प्रकारच्या पेशी एकदम बिघडल्या की कारखान्याकडे, म्हणजे बोन मॅरोकडे, बघायला लागतं.

आमच्या भागात खोडदला जीएमआरटी आहे. शाळेत असताना प्रत्येकाची सहल तिथे जातेच. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली याचं एक मोठं कारण म्हणजे इथे डोंगरांमुळे आणि शहरांपासून लांब असल्यामुळे रेडिओचा गोंगाट कमी होता. दूरच्या आकाशगंगेतून येणारा संदेश इतका क्षीण असतो की मोबाइल, विजेच्या तारा, गाड्या यांच्या आवाजात तो बुडून जातो. त्यामुळे आधी हा जमिनीवरचा गोंगाट ओळखून वजा करावा लागतो. मला वाटतं इओसिनोफिलचं तेच आहे. बहुतांश आवाज स्थानिकच असतो, जंत, धूळ, औषधं. पण म्हणून 'इथे सगळा गोंगाटच असतो' म्हणून यंत्र बंद करायचं नसतं. गोंगाट नीट वजा करायचा, आणि काही उरतं का ते बघायचं.

पुण्यातल्या रक्ताच्या डॉक्टरांनी मामांच्या बाबतीत नेमकं हेच केलं. आधी शौचाची तीन वेळा तपासणी, स्ट्राँगिलॉइडिसची रक्ततपासणी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, अगदी जडीबुटीसकट. मग काचपट्टी स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली. पोटाची सोनोग्राफी, त्यात पानथरी वाढलेली. हृदयाचा टूडी इको. आणि बी-१२. आपल्यापैकी निम्म्यांचं बी-१२ तळाला गेलेलं असतं, मामांचं मशीनच्या वरच्या मर्यादेपलीकडे! बाहेरून काहीही न घेता. डॉक्टर म्हणाले, हा एक धागा आहे.

आता ब्लड कॅन्सर आणि इओसिनोफिल यांचा संबंध मला जसा समजला तसा सांगतो. दोन प्रकार आहेत. पहिल्यात इओसिनोफिल हे निव्वळ साक्षीदार असतात. गुन्हेगार पेशी दुसरीच असते आणि ती इंटरल्युकिन-५ सारखे संदेश सोडून इओसिनोफिलची फौज बोलावत राहते. हॉजकिन लिम्फोमामध्ये हे दिसतं. गाठीचा तुकडा तपासला तर मूठभर कॅन्सरच्या पेशी आणि भोवती इओसिनोफिलसकट इतर पेशींची मोठी गर्दी. टी-पेशींच्या काही लिम्फोमात तसंच, आणि वर सांगितलेल्या मुलांमधल्या त्या दुर्मीळ ल्युकेमियातही तसंच. म्हणजे तुमचा सर्व्हर ठीक आहे, पण कुणीतरी बाहेरून सारख्या रिक्वेस्ट मारतंय.

दुसऱ्या प्रकारात इओसिनोफिल स्वतःच त्या कॅन्सरच्या वंशावळीतले असतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, म्हणजे सीएमएलमध्ये, इतर पेशींबरोबर तेही वाढतात. अक्यूट मायलॉइड ल्युकेमियाच्या एका प्रकारात सोळाव्या क्रोमोसोमचा एक तुकडा उलटा बसतो, आणि बोन मॅरोमध्ये विचित्र गडद दाण्यांचे इओसिनोफिल दिसतात. गंमत म्हणजे त्या प्रकारात केमोथेरपीचा गुण तुलनेने चांगला येतो, त्यामुळे ते विचित्र इओसिनोफिल दिसणं ही त्यातल्या त्यात बरी बातमी असते. आणि मग आहे क्रॉनिक इओसिनोफिलिक ल्युकेमिया आणि त्याची भावंडं.

त्यातल्या एका भावंडाची गोष्ट कुठल्याही प्रोग्रॅमरला आवडेल अशी आहे. सीएमएलसाठी इमॅटिनिब नावाची गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. त्याच सुमारास काही डॉक्टरांनी, कारण न सापडलेल्या इओसिनोफिलियाच्या काही पेशंटांना ती देऊन बघितली. त्यांच्यात सीएमएलचा बिघाड नव्हता, त्यामुळे गोळी चालायचं तसं काही कारण नव्हतं. पण चालली, आणि काही दिवसांत काउंट नॉर्मल! म्हणजे आधी फिक्स चालला आणि मग लोक बग शोधायला बसले. २००३ मध्ये तो सापडला. चौथ्या क्रोमोसोमवरचा सुमारे आठ लाख अक्षरांचा एक तुकडा गळून पडतो आणि त्याच्या दोन बाजूंची दोन जनुकं, एफआयपी१एल१ आणि पीडीजीएफआरए, एकमेकांना चिकटतात. त्यातून एक असं प्रथिन तयार होतं ज्याचा 'वाढा' हा स्विच कायमचा चालू राहतो. आठ लाख अक्षरं ऐकायला खूप वाटतात, पण क्रोमोसोमच्या नेहमीच्या तपासणीत एवढा छोटा तुकडा दिसत नाही, रिपोर्ट नॉर्मल येतो. त्यासाठी फिश नावाची वेगळी चाचणी मुद्दाम मागवावी लागते. हा प्रकार जवळजवळ नेहमी पुरुषांमध्ये दिसतो. बी-१२ वाढलेलं, पानथरी वाढलेली, आणि स्टिरॉइडला फार दिवस न जुमानणारा.

मामांची फिश पॉझिटिव्ह आली.

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "म्हंजी क्यान्सरच की." मामी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "हो, रक्ताचाच. पण या प्रकाराला गोळी आहे, आणि ती लागू पडते." मामांनी विचारलं, "किती दिस?" दिवस नाही, वर्षं म्हणा, असं उत्तर आलं. कारण गोळी बंद केली की बऱ्याच जणांमध्ये आजार परत येतो.

सीएमएलला रोज ४०० मिलिग्रॅम लागतं, या प्रकाराला बहुतेकदा १०० पुरतं. मामांच्या हृदयाच्या अस्तरावर थोडी इजा दिसत होती, म्हणून पहिले काही दिवस इमॅटिनिबबरोबर स्टिरॉइडसुद्धा दिलं. तेच स्टिरॉइड! पण या वेळी निदान झाल्यावर, हृदयाला जपण्यासाठी, मोजून. दोन आठवड्यांनी काउंट आला ३१०. मी तो आकडा तीनदा वाचला. चार वर्षांची खाज पंधरा दिवसांत गेली. हृदयाची इजा मात्र पूर्ण भरून येईलच असं नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचंय. निदान लांबण्याची किंमत ही असते, आणि ती काउंटमध्ये दिसत नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ही गोळी मामांना परवडली, याचं श्रेय एका कोर्ट केसला आहे. नोव्हार्टिस कंपनीचं इमॅटिनिब 'ग्लिव्हेक' या नावाने विकलं जायचं आणि त्याचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये यायचा. भारतीय कंपन्यांचं तेच औषध तेव्हा सुमारे ८ ते १० हजारांत मिळत होतं. नोव्हार्टिसने पेटंट मागितलं तेव्हा विरोध करणाऱ्यांमध्ये मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. प्रकरण अनेक वर्षं चाललं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारलं. जुन्या औषधाचं नवं रूप पेशंटला खरोखर जास्त गुणकारी असल्याचं सिद्ध होत नसेल तर नवं पेटंट नाही, असा त्याचा सारांश. तेव्हा ऑफिसात आम्ही सॉफ्टवेअर पेटंटच्या अंगाने त्यावर वाद घातले होते, सगळं तात्त्विक. आज तो निकाल मामांच्या देवळीत, तपकिरीच्या डबीशेजारी, गोळ्यांच्या पाकिटाच्या रूपात ठेवलेला असतो.

असो. सगळ्यांची गोष्ट अशी गोड होत नाही हेही सांगायला हवं. हा विशिष्ट बिघाड दुर्मीळ आहे. इओसिनोफिलच्या इतर काही ल्युकेमियांवर इमॅटिनिब चालत नाही आणि मार्ग अवघड असतो, काहींना बोन मॅरो ट्रान्सप्लांटपर्यंत जावं लागतं. काहींमध्ये सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. त्या गटाची व्याख्याही बदलत गेलीये. पूर्वी १,५०० च्या वरचा काउंट सहा महिने टिकला तरच मोजायचे, २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती मुदत चार आठवड्यांवर आली. कारण एवढे दिवस वाट बघण्यात हृदय आणि नसा खराब होतात, हे कळून चुकलं.

मग तुमच्या-आमच्यासारख्यांनी करायचं काय? आपण हिंजवडीत, बेंगळुरूत नाहीतर न्यू जर्सीत, आणि घरचे रिपोर्ट वॉट्सअ‍ॅपवर. 'इस्नोफिल वाढलेत, काळजी नको' असा मेसेज आला की आपण अंगठा दाखवून पुढे जातो. पुढे जायला हरकत नाही, पण आधी एक गुणाकार करा. आकडा ५०० ते १,५०० च्या मध्ये असेल, माणूस ठणठणीत असेल, तर जंताचं औषध, अ‍ॅलर्जीचं औषध आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी, एवढं आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोललं तरी पुरे. १,५०० च्या वर असेल आणि काही आठवड्यांनीही तिथेच असेल, किंवा सोबत वजन उतरणं, रात्रीचा घाम, न जाणारा ताप, गाठी, वाढलेली पानथरी, कमी झालेलं हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स असतील, तर रक्ताच्या डॉक्टरांकडे जायचं. धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा हातापायातली शक्ती गेली असेल तर आठवडे मोजत बसायचंच नाही, त्याच दिवशी. आणि मध्ये कुणी स्टिरॉइड दिलं असेल तर त्या औषधाचं नाव आणि तारीख डॉक्टरांना नक्की सांगायची. ते इंजेक्शन कागदावर लिहिलेलं नसण्याची शक्यता जास्त असते.

मामा आता दर तीन महिन्यांनी एस.टी.ने पुण्याला येतात, रक्त देतात, आमच्याकडे जेवतात आणि संध्याकाळी परत, गाईंच्या धारा काढायच्या असतात. गावात अजूनही विचारलं की सांगतात, "इस्नोफिलिया हाय, गोळी चालू हाय." मी एकदा म्हटलं, "मामा, खरं काय ते सांगा ना लोकांना." तर म्हणाले, "क्यान्सर म्हनलं की लोकं बघायला येत्यात. इस्नोफिलिया म्हनलं की कांद्याचा भाव इचारत्यात."

गावी जाणार असाल तर घरातल्या पेटीत, कपाटात, गादीखाली अशी एखादी पिशवी सापडते का बघा. कागद तारखेप्रमाणे लावा, फोटो काढा आणि गुणाकार करा. तासाभराचं काम आहे. बहुतेक घरांत काहीच निघणार नाही. फार तर गाईच्या इन्शुरन्सची पावती.